संघासोबतची बाई

"पाणी देते मावशी, चहाबी ठेवते. पर पोरगी देणार न्हाय."

शिवकन्यानं हे बोलताना मान वर केली नाही. समोरच्या चुलाणावर मोठी कढई होती, कढईत दूध आटत होतं आणि ती लाकडी स्टुलावर बसून लांब दांड्याचं उलथणं गोल फिरवत होती. ईट गावात घरोघर खव्याच्या भट्ट्या. गजराबाईनं पिशवी भिंतीला टेकवली आणि पडवीच्या खांबाशी बसकण मारली. धाराशिवहून भूम, भूमहून ईट, अशा दोन गाड्या बदलून येईस्तोवर तिची कंबर आखडून गेली होती.

"मी अजून काय मागितलंच न्हाय," ती म्हणाली.

"दिवाळीची सुट्टी सरून तीन आठवडे झाले. प्रतीक्षा कॉलेजला आली न्हाय. आता तुमी आलाय. तुमी घरी कशापायी येता ते मला ठाऊक न्हाय व्हय?"

ठाऊक नसायला काय झालं. बावीस-तेवीस वर्षांमागं गजराबाई अशीच माकणीला शिवकन्याच्या बापाच्या दारात जाऊन बसली होती.

गजराबाई धाराशिवच्या कॉलेजात सेविका. मुलींच्या खोलीची किल्ली तिच्याकडं, पिण्याच्या पाण्याची टाकी तिच्याकडं, परीक्षेत बाकावर नंबर चिकटवायचं काम तिच्याकडं. नवरा मल्हार माकणीच्या धरणाच्या कामावर असताना तापानं गेला, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि धनाजी कडेवर होता. ओळखीतल्या कुणीतरी कॉलेजात चिकटवून दिलं. तिथं आयुष्य गेलं असतं तसंच, झाडू आणि घागरीत. पण कॉलेजात गौरीशंकर पंचाक्षरी नावाचे खेळाचे सर आले आणि त्यांनी मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ काढायचं डोक्यात घेतलं.

त्या वेळी मागच्या बाजूला मैदान नव्हतंच. वेड्या बाभळीचं रान होतं. सरांनी पोरांना हाताशी धरून ते काढलं, मुरूम टाकला, रोलर स्वतः ओढला. पोरीही सहा-सात मिळाल्या. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. विद्यापीठाचा नियम असा की मुलींचा संघ बाहेरगावी निघाला तर सोबत बाईमाणूस हवंच. प्राध्यापिका बायांपैकी एकही तयार होईना. एकीचं मूल लहान, दुसरीची सासू कडक, तिसरीला गाडी लागायची. शेवटी प्राचार्यांनी गजराबाईला बोलावलं आणि कागदावर तिचं नाव घातलं. नावापुढं लिहिलं, 'संघासोबत महिला कर्मचारी'. धनाजीला नणंदेकडं सोडून ती पहिल्यांदा बीडला गेली. तेव्हापासून दर हिवाळ्यात जात राहिली.

संघाची खरी अडचण मैदानाची नव्हती, घरांची होती. पंचाक्षरी सर गावोगाव जायचे, पोरीच्या बापाला खेळाचं महत्त्व सांगायचे. बाप ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि पोरगी घरात ठेवायचा. मग सर गजराबाईला सोबत नेऊ लागले. ती ओसरीवर थांबायचीच नाही. सरळ चुलीपाशी जायची, बायकांबरोबर मेथी निवडायची, कुणाचं बाळंतपण झालं, कुणाची म्हैस आटली ते ऐकायची आणि उठता उठता एकच वाक्य बोलायची: "जशी नेली तशी आणून देईन." त्या एका वाक्यावर लोहारा, भूम, कळंब, परांडा अशा चारही दिशांच्या पोरी आल्या.

आणि संघ नावाला चढला. मुख्य इमारतीच्या जिन्यात लाकडी फलक आहे, त्यावर पिवळ्या अक्षरांत वर्षं लिहिलेली आहेत. तेवीस वर्षांत सतरा वेळा विद्यापीठाचं अजिंक्यपद. अकरा पोरी पोलिसात लागल्या, दोघी रेल्वेत. पेपरात फोटो यायचे. पंचाक्षरी सर मध्यभागी, पोरी दोन्ही बाजूंना. कडेला कधीकधी हिरव्या लुगड्याचा एक काठ दिसायचा, तो गजराबाईचा.

फलकावरची पहिली ओळ दोन हजार दोन सालची. त्या ओळीत कर्णधार म्हणून शिवकन्याचं नाव होतं.

"हर्षाली मॅडमनं धाडलं का?" शिवकन्यानं विचारलं.

"व्हय. पंधरा दिवसांवर जालन्याला स्पर्धा हायत. तुझ्या पोरीवाचून टीम उभी ऱ्हात न्हाय म्हणली."

पंचाक्षरी सर निवृत्त झाले आणि तीन वर्षांपूर्वी वारलेही. त्यांच्या जागी आलेली हर्षाली ही त्यांचीच जुनी खेळाडू. तिलाही कळंबच्या घरातून गजराबाईनंच काढून आणलं होतं. आता ती तासिका तत्त्वावर होती, म्हणजे दर वर्षी नेमणूक नव्यानं; आणि गेली दोन वर्षं अजिंक्यपद हुकलं होतं. यंदाही हुकलं तर पुढच्या वर्षी आपल्याला बोलावतील का नाही, याची तिला खात्री नव्हती. त्यात कॉलेजच्या महोत्सवासाठी संघाच्या इतिहासाची पुस्तिका करायचं काम तिच्यावर आलं होतं. सर नसल्यामुळं ती रोज दुपारी गजराबाईपाशी वही घेऊन बसायची. कोणत्या फोटोत कोण, कोणत्या वर्षी कुणाशी अंतिम सामना, सगळं गजराबाई सांगायची. तिला सगळं आठवायचं. दोन हजार दोनच्या फोटोवर मात्र ती म्हणाली होती, "ही शिवकन्या. लई चांगली लिफ्टर हुती, मारणारीला बॉल उचलून द्यायची," आणि पान उलटलं होतं.

"प्रतीक्षा दिवाळीला आली तवा गाडीतून उतरताना बघितलं मी," शिवकन्या म्हणाली. "पायरीवरनं तिनं आधी डावा पाय टाकला. सवय न्हाय तिला तशी. मंग चार दिस नुसती बघत ऱ्हायले. चुलीपुढं बसायची तर उजवा पाय लांब करून. विचारलं तर म्हणती, काय न्हाय आई, प्रॅक्टिस जास्त झाली. हे मला सांगायलीय."

तेवढ्यात आतल्या दारातून प्रतीक्षा बाहेर आली. अंगानं आईसारखीच उंच, खांदे तसेच रुंद. तिनं मावशीच्या पायाला हात लावला आणि चुलाणापासून लांब, भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"जरासं दुखतंय फक्त," ती म्हणाली. "डॉक्टरनं खेळू नको म्हणलेलं न्हाय. ताण देऊ नको म्हणलंय."

"आई कशानं लंगडती ते तुला कुणी सांगितलंय?" शिवकन्यानं विचारलं.

"स्कूटरवरनं पडलीस ना. बाबा म्हणले."

"तुझ्या बाबाला मीच तसं सांगितलेलं." शिवकन्यानं उलथणं कढईच्या कडेला दोनदा आपटून झटकलं. "लग्न ठरताना खेळून पाय गेलेली पोरगी कोण करंल? स्कूटरवरनं पडलेली चालती."

गजराबाईला वाटलं, उठावं आणि परतीची गाडी पकडावी. तिला एकूणच फार थकायला झालं होतं. जानेवारीअखेर तिची निवृत्ती होती. नारळ, शाल आणि मग धनाजीकडं चाकणला एका खोलीत. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही, आता कशाला निघावं हे. पण पोरगी दोघींकडं आळीपाळीनं बघत होती.

"मी सांगते," गजराबाई म्हणाली. "औरंगाबादला फायनल हुती. दोन-दोन सेट झाले हुते. चौथ्याच्या शेवटच्या पॉइंटला तुझी आई बॉलपायी मागं पळाली आणि वळताना तिचा गुडघा फिरला. आवाज आला. मला बेंचवर ऐकू आला. म्या पळत जाऊन बाहेरच्या आइसकांडीवाल्याकडनं बर्फ आणला, गुडघा शेकला. हाताखाली फुगायला लागलेला. सर आले. सर वाईट न्हवते गं, पर चार वर्सं त्या माणसानं मुरूम दाबलेला, त्यांच्या डोळ्यांत निसती ती फायनल हुती. म्हणले, शिवकन्या, खेळशील का? तर ही सरांकडं न्हाय, माझ्याकडं बघायली. अठरा-एकोणीस वर्सांची पोर. माझ्या शब्दावर आलेली."

"मंग?" प्रतीक्षानं विचारलं.

"म्या गप बसले."

"गप न्हाय बसला तुमी," शिवकन्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. जुनं, पाठ झालेलं काहीतरी सांगावं तसं ती सांगत होती. "तुमी पट्टी अजून घट्ट बांधली आणि गाठ मारली. म्या म्हणलं, मावशीनं गाठ मारली म्हंजी जायचं असंल. गेले. पंधरा पॉइंट खेळले. जिंकलो. सरांनी उचलून घेतलं मला. आणि मावशी, माकणीला बापाच्या दारात तुमी मला धरून उतरवलं."

गजराबाईनं मान हलवली. तेव्हा माकणीच्या दारात शिवकन्याच्या आईनं काही विचारलं नव्हतं. फक्त लेकीला आत नेलं होतं आणि गजराबाईला चहा दिला होता. तो चहा तिनं कसा प्यायला हे तिला आजवर कळलं नव्हतं.

"पोलिसची भरती निघाली तवा मला सोळाशे मीटर पळता आलं न्हाय," शिवकन्या म्हणाली. "माझ्यानंतरच्या साली खेळलेल्या तिघी लागल्या. पहिला कप मी आणला, म्हणून पुढच्या पोरींना घरचे सोडायला लागले. हे सगळे म्हणायचे. मलाबी बरं वाटायचं ऐकून. मंग पाच-सहा वर्सांनी बरं वाटायचं बंद झालं."

"आई," प्रतीक्षा म्हणाली, "मला खेळायचंय."

"खेळ की. मी कवा खेळू नको म्हणले? मीच तुला बॉल आणून दिला." शिवकन्यानं पहिल्यांदा मान वर केली. "पर तिथं थांब म्हणणारं कोण हाय? तू म्हणणार न्हाईस. मी न्हवते म्हणले. मॅडमची नोकरी टांगलेली. प्राचार्याला फलकावर ओळ पायजे. मंग कोण हाय?"

आत कुठंतरी शेळी ओरडली.

"मी म्हणीन," गजराबाई म्हणाली.

शिवकन्यानं तिच्याकडं बघितलं. "तुमी सेविका हाव मावशी. तुमचं कोण ऐकंल?"

"न्हाय ऐकलं तर न्हाय ऐकलं. म्हणीन."

"शब्द देऊ नका. तुमच्या शब्दावर मी एकदा गेलेय."

"न्हाय देत."

पोरीची बॅग भरायला तासभर लागला. निघताना शिवकन्या दारापर्यंत आली नाही. खवा गोळा होण्याच्या बेतात होता.

जालन्यात थंडी होती. ज्या कॉलेजात स्पर्धा होत्या तिथल्या वर्गखोलीत सतरंज्यांवर पोरी झोपल्या आणि गजराबाई दाराशी, आडवी. सकाळी तिनं नेहमीसारखं पोरींच्या वेण्या घातल्या, बाटल्या भरल्या, गुडघ्याचे पॅड मोजून दिले. पहिले दोन सामने सोपे गेले. प्रतीक्षाला हर्षालीनं जपूनच वापरलं. उपांत्य सामन्यात तर एका सेटला बसवूनही ठेवलं. गजराबाईला वाटलं, आपण उगाच काळजी करतोय; हर्षाली काही वाईट नाही, सरांपेक्षा जास्त शिकलेली आहे.

अंतिम सामना बीडच्या संघाशी, दुपारी. ऊन तिरपं होतं आणि मैदानाभोवती चांगली गर्दी. पहिला सेट बीडनं घेतला, दुसरा यांनी. तिसरा परत बीडनं. चौथ्या सेटला हर्षालीनं सगळं प्रतीक्षावर टाकलं. लिफ्टर प्रत्येक बॉल तिलाच देत होती आणि ती उड्या मारून मारून बॉल खाली ठोकत होती. बावीस-एकवीस असताना ती एक स्मॅश मारून खाली आली ती एकाच पायावर. बसली. लगेच उठली, हातानं 'काही नाही' अशी खूण केली. सेट यांनी घेतला. दोन-दोन.

पोरी बेंचकडं आल्या. बेंच ओट्यावर होता, मधे एक पायरी. प्रतीक्षानं ती पायरी चढताना कठड्याला हात लावला. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्या पाणी पीत होत्या, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. गजराबाईनं बघितलं.

"प्रतीक्षा, ओके ना?" हर्षालीनं विचारलं. तिनं स्प्रे मारला, पट्टी काढून नवी गुंडाळली. "पंधराच पॉइंट आहेत. खेळशील ना?"

"खेळते," प्रतीक्षा म्हणाली. ती गजराबाईकडं बघत नव्हती. ठरवून बघत नव्हती.

गजराबाई उठली. सत्तावीस वर्षांत संघाच्या घोळक्यात ती पाण्याची बाटली घेऊनच शिरली होती. आज हातात काही नव्हतं.

"मॅडम, तिला बसवा."

हर्षालीला आधी कळलंच नाही. "काय?"

"गुडघा गेलाय तिचा. बसवा तिला."

"मावशी, प्लीज. आत्ता नको." हर्षालीचा आवाज अगदी खाली आला होता. "ती स्वतः म्हणतेय ना? तुम्हाला गेममधलं काय कळतं?"

हे हर्षाली बोलली. जिला पहिल्या सामन्याआधी रडू आलं होतं आणि जिनं अख्खी दुपार गजराबाईच्या मांडीवर डोकं ठेवून काढली होती. गजराबाईला वाईट वाटायला हवं होतं. पण तिला दिसली ती हर्षालीची बोटं, पट्टीच्या टोकाची गाठ आवळणारी.

"मला गेममधलं कळत न्हाय," ती म्हणाली. "हे कळतंय."

पंचांची शिट्टी झाली. पोरी मैदानाकडं वळल्या. प्रतीक्षा उठायला लागली तशी गजराबाई तिच्यापुढं खाली बसली, तिच्या उजव्या पायाची नाडी ओढली आणि बूट काढून घेतला. पोरीला काही समजायच्या आत तिनं तो पदराखाली, पोटाशी धरला आणि तशीच ओट्यावर मांडी घालून बसून राहिली.

"मावशी, बूट द्या."

"न्हाय."

"मावशी."

"न्हाय देणार."

समोरच्या गर्दीतलं कुणीतरी हसलं. पंच दुसऱ्यांदा शिट्टी वाजवून हातानं बोलवत होते. हर्षाली एक पाऊल पुढं आली. क्षणभर वाटलं, आता ती ओढाओढ करणार. मग तिनं तोंड फिरवलं आणि बदली खेळाडूचं नाव घेतलं.

पंधरा-तेरानं हरल्या.

प्रतीक्षा रडली नाही. एका पायात मोजा, एका पायात बूट अशी ती बेंचवर बसून होती. बक्षीस समारंभ झाल्यावर गजराबाईनं बूट तिच्यापुढं ठेवला. तेव्हा ती म्हणाली, "तुमी माझ्या कोण लागता?"

गजराबाई तिची कोणीच लागत नव्हती.

परतीच्या गाडीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली. एरवी पोरी तिच्या अंगावर लोळायच्या, पिशवीतले शेंगदाणे मागायच्या. येडशीच्या अलीकडं हर्षाली येऊन तिच्या शेजारी बसली.

"माझं आता काय होईल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय, बाई."

"मग?"

"त्यावर माझ्याकडं काय न्हाय, हर्षाली."

ती मॅडम म्हणाली नाही, हे दोघींच्याही लक्षात आलं. हर्षाली उठून गेली नाही. धाराशिवच्या स्टँडपर्यंत तिथंच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी गजराबाईला आत बोलावलं. ते फार बोलले नाहीत. निवृत्ती तोंडावर आहे म्हणून लेखी काही करत नाही, पण एका सेविकेनं संघाच्या कामात हात घालावा हे बरं नव्हे, असं म्हणाले. ती 'जी' म्हणाली आणि टाकीत पाणी सोडायला गेली.

प्रतीक्षाला बार्शीला दाखवलं. गजराबाई आणि हर्षाली दोघीही गेल्या. डॉक्टरांनी एमआरआयचा फोटो बघितला. गुडघ्याच्या आतला दोर थोडा फाटलाय, म्हणाले, पूर्ण नाही. सहा महिने आराम, व्यायाम, मग बघू. गजराबाईनं दारातून परत फिरून विचारलं, "तवा अजून पंधरा पॉइंट खेळली असती तर तुटला असता का?"

डॉक्टर खांदे उडवून म्हणाले, "तुटलाही असता. नसताही तुटला. ते कोण सांगणार?"

म्हणजे ते कधीच कळणार नव्हतं. जिन्याच्या पायऱ्या उतरताना तिला ते पुन्हा पुन्हा टोचत राहिलं. पोरीचं अजिंक्यपद आपण तिच्या गुडघ्यासाठी घेतलं की स्वतःच्या जुन्या पापासाठी, हेही तिला नीटसं कळेना. हर्षाली पुढं पोरीचा हात धरून एक-एक पायरी उतरत होती.

गजराबाई पोरीला घेऊन ईटला पोहोचली तेव्हा दुपार कलायला लागली होती. शिवकन्या दारातच होती. तिनं लेकीला गाडीपासून चालत येताना बघितलं, तिच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, "जेवून झोप." प्रतीक्षा मावशीशी न बोलता आत गेली. दोन घास खाऊन झोपलीही. गजराबाईनं डॉक्टरांचा कागद शिवकन्याच्या हातात दिला, गोळ्या कशा द्यायच्या ते सांगितलं आणि निघाली.

"थांबा, मी येते स्टँडपत्तूर."

"पाय कशाला दुखवती?"

"तो दुखतोयच."

दोघी सावकाश चालत गेल्या. शिवकन्याचा पाय प्रत्येक पावलाला किंचित बाहेर पडायचा. स्टँडवर भूमची गाडी अजून आली नव्हती. बाकावर जागा होती, पण शिवकन्या बसली नाही. एकदा बसलं की उठायला त्रास, म्हणाली.

"पोरगी बोलत न्हाय व्हय तुमच्याशी?"

"न्हाय."

"माझ्याशी तरी कुठं बोलती." मग तिनं विचारलं, "किती हुते?"

"काय?"

"पाचवा सेट. किती-कितीवर हारला?"

"पंधरा-तेरा."

"म्हंजी बराच झगडल्या." शिवकन्या रस्त्याकडं बघत होती. "तेरा-तेराला सर्व्हिस कुणाची हुती?"

गजराबाईला सगळं आठवत होतं. पदराखाली बूट धरून बसली होती, पण तिनं एकही बॉल चुकवला नव्हता. "त्यांची. एक डावरी पोरगी हाय, उंच. तिनं मागच्या कोपऱ्यात टाकली."

"उचलला?"

"उचलला. पर नेटपासनं जरा लांब आला."

"मंग लिफ्टरनं?"

"चारला दिला, नेटच्या डाव्या टोकाला. चारला जी गेली ती नवी पोरगी, प्रतीक्षाच्या जागची. तिला ब्लॉक बसला. चौदा."

"ब्लॉकला किती?"

"दोघी. न्हाय, तिघी. पलीकडच्या टोकाचीबी सरकली हुती."

शिवकन्या थोडी पुढं आली. तिनं हातातली मावशीची पिशवी बाकावर ठेवली. "तिघी चारला. मंग दोनला, उजव्या टोकाला कोण हुतं?"

"आपली एक हुती. एकटी. तिच्यासमोर कुणीच न्हवतं."

"आणि तिला दिला न्हाय?"

"लिफ्टरची पाठ हुती तिच्याकडं. तिला दिसली नसंल."

"दिसावं लागत न्हाय मावशी," शिवकन्या म्हणाली. "ती तिथं हाय हे ठाऊक असावं लागतं." तिनं चांगला पाय जरा पुढं घेतला. "बॉल लांब आला म्हणता ना, मंग असं खाली जायाचं. चारला देतेय असंच दाखवायचं, शेवटपत्तूर. त्या तिघी तिकडं जाऊ द्यायच्या, आणि बॉल पाठीमागं, दोनला."

तिचे दोन्ही हात कपाळाच्या वर गेले. भट्टीच्या धगीनं काळवंडलेली बोटं मोकळी पसरली, अंगठे एकमेकांजवळ आले, पाठ हळूच मागं वाकली. दुखरा गुडघा वाकला, थरथरला आणि तिथंच टिकला. स्टँडवरची दोन-चार माणसं तिच्याकडं बघायला लागली. वरती रिकामं आभाळ होतं. तिचे हात तसेच वर राहिले.